पांडवांनीच नियम मोडले, मग धर्मयुद्ध उरलं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाभारतात युद्धाचे नियम ठरले होते म्हणतात, पण भीष्म, द्रोण, कर्ण, दुर्योधन हे चौघेही नियम मोडूनच पाडले गेले. मग ‘धर्मयुद्ध’ ही नुसती सांगायची गोष्ट आहे का? पाश्चात्त्यांकडे न्याय्य युद्धाचा जसा रीतसर विचार झाला तसा आपल्याकडे झाला का? आणि जाता जाता, गनिमी कावा यात कुठे बसतो?

धर्मशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांपुढे याच विषयावर अनेकदा बोलावं लागलं, म्हणून जरा लांबण लावतो. आधी उत्तर देऊन टाकतो. विचार झाला, भरपूर झाला, पण त्याचा भर वेगळ्या जागी आहे. युद्ध कधी करावं यावर आपल्या ग्रंथांत तुलनेने थोडं आहे. लढताना काय करू नये यावर त्याहून जास्त आहे. आणि जिंकल्यावर कसं वागावं यावर जे आहे त्याकडे आपण जवळजवळ पाहतच नाही, मला मात्र तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

‘कधी’चा भाग उरकून घेऊ. लोक या विषयासाठी आधी गीता उघडतात. ‘धर्म्याद्धि युद्धाच्छ्रेयोऽन्यत्’, म्हणजे क्षत्रियाला धर्मयुद्धाहून श्रेयस्कर दुसरं काही नाही, हे खरं, पण गीता सुरू होते तेव्हा युद्धाचा निर्णय होऊन गेलेला आहे, सैन्यं समोरासमोर उभी आहेत. निर्णय कसा झाला हे पाहायचं तर उद्योगपर्व वाचावं लागतं. द्रुपदाचा पुरोहित जातो, संजय येतो-जातो, शेवटी स्वतः कृष्ण शिष्टाईला जातो. मागणी अर्ध्या राज्यावरून पाच गावांवर येते. अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत, आणि पाचवं तुम्ही द्याल ते. त्यावर दुर्योधनाचं उत्तर सुईच्या अग्राएवढीही जमीन देणार नाही, हे. मनूही तेच सांगतो: साम, दान, भेद आधी वापरा, युद्धात कोण जिंकेल याचा नेम नसतो, म्हणून ते टाळा (7.198-199). इथे करुणेचा पाझर शोधू नका. बेभरवशाचा व्यवहार टाळा, एवढाच हिशेब आहे.

आता नियम. भीष्मपर्वाच्या पहिल्याच अध्यायात कुरू, पांडव आणि सोमक एकत्र बसून ‘समय’ करतात, म्हणजे करार. रथीने रथ्याशी, घोडेस्वाराने घोडेस्वाराशी, पायदळाने पायदळाशी लढावं. सांगून प्रहार करावा. दुसऱ्याशी गुंतलेल्याला, पाठ फिरवलेल्याला, शस्त्र संपलेल्याला, चिलखत नसलेल्याला मारू नये. सारथी, ओझ्याची जनावरं, शस्त्रं पुरवणारे, नगारे आणि शंख वाजवणारे यांच्यावर हात टाकू नये. या यादीच्या सुरुवातीला एक वाक्य आहे, त्याकडे फारसं कुणी थांबत नाही: दिवसाचं युद्ध थांबलं की आपल्यात परस्पर प्रेम राहावं. हे नियम आकाशातून आलेले नाहीत, दोन्ही बाजूंनी आपसात ठरवलेले आहेत. करार म्हटला की पुढचा प्रश्न आलाच: समोरच्याने मोडला तर?

हाच प्रश्न युद्धानंतर युधिष्ठिर भीष्माला विचारतो. शांतिपर्वाचे 96 आणि 97 हे दोन अध्याय (भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतले क्रमांक) या विषयाचा गाभा आहेत. भीष्म म्हणतो, तो कपटाने लढला तर कपटाने लढ, धर्माने लढला तर धर्माने अडव. इथवर परतफेडीचा न्याय झाला. पण थोड्याच श्लोकांनंतर तोच म्हणतो, ‘धर्मेण निधनं श्रेयो न जयः पापकर्मणा’, पापाने मिळवलेल्या जयापेक्षा धर्माने आलेला मृत्यू बरा. विद्यार्थी विचारतात, यातलं खरं कोणतं? माझं मत असं की ग्रंथकाराला ही गाठ सोडवायचीच नाही. पहिलं वाक्य राज्य चालवणाऱ्याचं आहे, दुसरं शरपंजरी पडलेल्याचं आहे, आणि दोन्ही एकाच तोंडून येतात. जे दोनांपैकी एकच श्लोक उद्धृत करतात त्यांच्यापासून सावध राहा, मग ते कोणत्याही बाजूचे असोत.

याच प्रकरणात जखमी शत्रूबद्दल सांगितलंय. ज्याचं शस्त्र मोडलं, प्रत्यंचा तुटली, वाहन मेलं, त्याच्यावर आपल्या मुलखात औषधोपचार करावेत किंवा त्याला त्याच्या घरी पोचवावं, आणि बरा झाला की सोडून द्यावं. ‘एष धर्मः सनातनः’. जखमी सैनिकांविषयीचा पहिला जिनिव्हा करार 1864 चा आहे. ‘आमच्याकडे आधीच होतं’ अशी छाती फुगवायला मी हे सांगत नाही, कारण श्लोक असणं आणि तो पाळला जाणं यांत पुष्कळ अंतर असतं. पण हेगला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 1996 मध्ये अण्वस्त्रांबाबत सल्लागार मत दिलं, तेव्हा श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री यांनी आपल्या विरोधी मतात रामायण-महाभारताचे दाखले दिले, ते उगाच नाही. त्यांच्यापुढे रामायणातला एक प्रसंग होता. इंद्रजित अदृश्य राहून मारा करतो तेव्हा चिडलेला लक्ष्मण म्हणतो, सगळ्या राक्षसांना संपवण्यासाठी ब्रह्मास्त्र सोडतो. राम अडवतो: एकासाठी पृथ्वीवरचे सगळे राक्षस मारणं तुला शोभत नाही. न लढणारा, लपलेला, हात जोडलेला, शरण आलेला, पळणारा, भानावर नसलेला, यांना मारू नये. व्यापक संहाराच्या अस्त्राला हा स्पष्ट नकार आहे, आणि तो ऐन लढाईत, आपला पक्ष मार खात असताना दिलेला आहे.

त्याच्या लगेच पुढच्या सर्गात इंद्रजित मायेची सीता रथावर आणतो आणि हनुमंताच्या डोळ्यांदेखत तिला कापतो. हनुमान धिक्कारतो तेव्हा तो उत्तर देतो: शत्रूला ज्याने पीडा होईल ते करावंच. हे वाक्य लक्षात ठेवा, महाभारतात ते परत भेटणार आहे.

आता तुमच्या मुख्य हरकतीकडे येतो. द्रोण-कर्णांच्या कथा सगळ्यांना पाठ आहेत. मी एक कमी बोलला जाणारा प्रसंग घेतो, कारण त्यात हा सगळा पेच उघडा पडतो. चौदाव्या दिवशी अर्जुन जयद्रथाच्या मागे आहे. पांडवांच्या बाजूने लढणारा यादव वीर सात्यकी दमलेल्या अवस्थेत त्याच्या मदतीला पोचतो आणि वाटेत कौरवांकडचा भूरिश्रवा सात्यकीला गाठतो. दोघांच्या घराण्यांत आजोबा-बापापासूनचं वैर. सात्यकी खाली पडतो. भूरिश्रवा त्याचे केस धरून, छातीवर लाथ देऊन तलवार उगारतो. कृष्ण अर्जुनाला म्हणतो, तिकडे बघ. अर्जुन लांबून बाण सोडतो आणि तलवारीसकट भूरिश्रव्याचा हात उडवतो.

नियमाप्रमाणे हे सरळ चुकलं. दुसऱ्याशी गुंतलेल्यावर, न सांगता वार. भूरिश्रवा नेमकं हेच विचारतो: मी दुसऱ्याशी लढत होतो, तुझ्याकडे पाहतही नव्हतो, हे तुला कुणी शिकवलं? अर्जुनाची उत्तरं वकिलासारखी एकामागून एक येतात. माझ्या बाणाच्या टप्प्यात असलेल्या माझ्या माणसाला कुणी मारू शकणार नाही, हे माझं व्रत सगळ्यांना ठाऊक आहे. एवढ्या सैन्याच्या दर्यात एकाने एकाशीच लढायचं हे कसं जमावं? आणि शेवटी, शस्त्र टाकलेल्या, रथ आणि चिलखत गेलेल्या अभिमन्यूचा वध तुम्ही केलात तो कोणता धर्म? भूरिश्रवा यावर काही बोलत नाही. तुटलेला उजवा हात डाव्या हाताने अर्जुनाकडे फेकतो, बाण अंथरून त्यावर बसतो आणि प्राणत्यागाला सुरुवात करतो.

मग सात्यकी उठतो. कृष्ण, अर्जुन, भीम ‘नको’ म्हणून ओरडतात. पलीकडून अश्वत्थामा, कृप, कर्णही ओरडतात. दोन्ही सैन्यं एका सुरात. सात्यकी ध्यानस्थ बसलेल्या माणसाचं डोकं उडवतो आणि समर्थनाला वाल्मीकीचा श्लोक म्हणून दाखवतो: ‘पीडाकरममित्राणां’, शत्रूला पीडा होईल ते करावंच. म्हणजे बोलतोय सात्यकी, पण शब्द इंद्रजिताचे. मायेची सीता कापतानाचे. व्यासांनी टीका करायला एक अक्षर खर्च केलेलं नाही, कुणाचं वाक्य कुणाच्या तोंडी आलं एवढंच दाखवून दिलंय.

आणि हिशेब तिथे मिटत नाही. युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी, प्रभासला, यादव पिऊन बसलेले असताना सात्यकी कृतवर्म्याला डिवचतो: झोपलेल्यांना मारणारा कसला क्षत्रिय? (कृतवर्मा अश्वत्थाम्याबरोबर रात्रीच्या कत्तलीत होता.) कृतवर्मा म्हणतो, आणि हात तुटलेल्या, प्रायोपवेशनाला (अन्नपाणी सोडून प्राणत्यागाला) बसलेल्या भूरिश्रव्याला तू कसं मारलंस? सात्यकी उठून त्याचं डोकं उडवतो. बाकीचे उष्ट्या भांड्यांनी सात्यकीला ठेचतात, प्रद्युम्न मध्ये पडतो तोही मरतो, आणि यादवकुळ तिथेच संपतं. गांधारीचा शाप, ऋषींचा शाप हे सगळं आहेच. पण भांडण पेटतं ते कुरुक्षेत्रावर मोडलेल्या दोन नियमांवरून.

म्हणून ‘नियम मोडले, म्हणजे नियम पोकळ’ हे अनुमान मला पटत नाही. पोकळ नियम मोडल्याची नोंद कोण ठेवतं? दुर्योधनाच्या मांडीवर गदा बसल्यावर बलराम चिडून निघून जातो. कृष्ण स्पष्ट सांगतो की सरळ लढून यांना मारणं तुम्हाला जमलं नसतं. दुर्योधन मरताना एकेका कपटाची यादी वाचतो आणि आकाशातून फुलं पडतात ती त्याच्यावर, पांडव खाली मान घालतात. जिंकलेल्या बाजूच्या महाकाव्याने हे लिहून ठेवलंय. दुर्योधन अन्यायी होता यावर त्या ग्रंथाला शंका नाही. पण कारण न्याय्य म्हणून वाटेल ते करायची मुभा मिळते, हे तो मान्य करत नाही.

आता कौतुक थांबवतो, कारण मनूचा सातवा अध्याय पूर्ण वाचणारे थोडे. 90 ते 93 या श्लोकांत सुंदर नियम आहेत: लपवलेलं शस्त्र नको, काटेरी फाळाचे, विष लावलेले, पेटते बाण नकोत. हात जोडलेला, केस सुटलेला, बसलेला, ‘तुझाच आहे’ म्हणणारा, झोपलेला, नुसता बघत उभा असलेला, घाबरलेला, यांना मारू नका. व्याख्यानांत लोक इथे थांबतात. तीन श्लोक पुढे, 96 मध्ये, लुटीची वाटणी येते: रथ, घोडे, हत्ती, छत्र, धन, धान्य, जनावरं आणि स्त्रिया, जो जे जिंकेल ते त्याचं. आणि 195-196 मध्ये शत्रूला वेढा घाला, त्याच्या मुलखाला पीडा द्या, चारा, अन्न, पाणी, सरपण नासवा, तळी फोडा. म्हणजे बाणाला विष लावायचं नाही, पण गावाचं पाणी नासवायला हरकत नाही. पहिला नियम रणांगणावरच्या बरोबरीच्या क्षत्रियासाठी आहे. वेढ्यात अडकलेली कुणब्याची बायको त्या बरोबरीत बसत नाही. आपल्या परंपरेतली ही खरी फट आहे, आणि ती झाकून या विषयावर बोलण्यात अर्थ नाही. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थिनीस याच्या वृत्तांतात, शेजारी लढाई चालू असताना शेतकरी निर्धास्त नांगरत असतो असं येतं. मोठं मोहक चित्र आहे. पण अशोकाचा तेरावा शिलालेख कलिंगातून दीड लाख माणसं हलवली, एक लाख मारली आणि त्याच्या कितीतरी पट मेली असं सांगतो. परक्या पाहुण्याचं ऐकीव वर्णन एकीकडे आणि खुद्द जिंकणाऱ्याची कबुली दुसरीकडे, यात मी कबुलीवर जास्त भरवसा ठेवतो.

कौटिल्याकडे लोक ‘नियम झुगारणारा’ म्हणून बघतात. तो प्रकाशयुद्ध (उघड), कूटयुद्ध (कपटाचं), तूष्णींयुद्ध (गुपचूप, हेरांकरवी) असे प्रकार सांगतो, आणि सैन्य भारी, ऋतू अनुकूल, भूमी आपली असेल तर उघड लढा, नाहीतर कूट, असं बिनदिक्कत लिहितो. पण किल्ला सर करताना पडलेल्याला, पाठ फिरवलेल्याला, शरण आलेल्याला, न लढणाऱ्याला अभय द्या, हेही तोच लिहितो. त्याच्या अर्थशास्त्राचं तेरावं अधिकरण (भाग) ‘लब्धप्रशमन’ या प्रकरणाने संपतं, म्हणजे जिंकलेला मुलूख शांत कसा करावा. जिंकलेल्यांचा वेष, भाषा, आचार स्वतः स्वीकारावा. त्यांच्या देवता, जत्रा, उत्सव यांविषयी भक्ती ठेवावी. कैदी सोडावेत, दीन, अनाथ, आजारी यांना मदत करावी. दुसरीकडे तो बजावतो की मारल्या गेलेल्या राजाची जमीन, धन, मुलं, बायका यांवर डोळा ठेवू नये, त्याच्या मुलालाच गादीवर बसवावं. कारण? नाहीतर भोवतीचं राजमंडळ बिथरतं आणि तुमच्या नाशाला उठतं. दया म्हणून करा असं तो म्हणत नाही, परवडणार नाही म्हणून करा म्हणतो. मनूही जिंकल्यावर अभयाची दवंडी पिटायला, त्याच वंशातला राजा बसवायला आणि त्या मुलखाचे रीतिरिवाज प्रमाण मानायला सांगतो. अमुक राजा धर्मविजयी, तमुक लोभविजयी, तिसरा असुरविजयी, ही कौटिल्याची वर्गवारी मुख्यतः यावरून ठरते की जिंकल्यावर तो काय उचलतो: नुसतं शरण येणं पुरे, की जमीन आणि धन हवं, की त्याहीपुढे मुलं, बायका आणि प्राण.

प्रत्यक्षात हे कसं चाले ते समुद्रगुप्ताच्या प्रयाग स्तंभावर एकाच दगडात दिसतं. दक्षिणापथाचे राजे पकडले, सोडले, अनुग्रह केला. आर्यावर्तातले राजे मात्र बळाने उखडून टाकले. लांबच्यांना धर्मविजय आणि शेजाऱ्यांना उच्छेद. राजकारण राजकारणासारखंच चालायचं, पण कोरून ठेवताना कोणत्या गोष्टीची फुशारकी मारायची ते परंपरेने ठरवलेलं होतं.

गनिमी कावा. वरचं सगळं वाचल्यावर उत्तर सोपं आहे. थोड्या सैन्याने मोठ्या फौजेशी लढताना छापे, रात्रीची चाल, दऱ्याखोऱ्यांचा उपयोग, हे कौटिल्याच्या कूटयुद्धात सरळ बसतं, त्यासाठी कुणाची माफी मागायला नको. शिवछत्रपतींचं धर्मयुद्ध डावपेचात शोधूच नये, ते शिस्तीत शोधावं. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीत राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तीत लष्कराचे नियम आहेत: फौजेत बायको, बटीक, कलावंतीण नसावी, परमुलखात बायका-पोरं धरू नयेत, गाय धरू नये, ब्राह्मणास उपद्रव देऊ नये. आता मनूचा 7.96 आठवा, स्त्रिया जिंकणाऱ्याच्या. तो श्लोक इथे सरळ बाद झाला आहे. शत्रुपक्षाचा, म्हणजे मोगलांकडचा इतिहासकार खाफीखान महाराजांना शिव्या देतो आणि त्याच हाताने लिहितो की मशीद, कुराण आणि स्त्रिया यांना त्रास द्यायचा नाही असा त्यांचा दंडक होता.

आणि चिपळूणजवळच्या छावणीला लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-चारा आत्ताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग तुम्ही कुणब्यांचं धान्य, गवत, भाजी उचलू लागाल, आणि लोक म्हणतील यापेक्षा मोगल बरे. चुली पेटवताना, तंबाखू ओढताना जपा. दिवे जळते ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज पेटेल. रणनीतीवरच्या कुठल्याही ग्रंथात मला उंदराची वात सापडलेली नाही. वेढ्यातल्या कुणबिणीची जी फट मी वर म्हटली, ती कशी बुजवायची हे ज्याला कळलं होतं त्या माणसाचं हे पत्र आहे.

सुरतेबद्दल विचाराल म्हणून सांगतो: 1664 ची लूट ही लूटच होती, आणि धन काढून घेण्यासाठी माणसांचे हाल झाले हे इंग्रज वखारीच्या कागदांत आहे. ते नाकारून महाराज मोठे होत नाहीत.

यापुढचं मात्र आपल्याकडे सहसा शिकवलं जात नाही. 1742 पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्यावर ‘महाराष्ट्रपुराण’ रचलं. काव्याच्या सुरुवातीला पृथ्वी पापाने जड झालेली असते आणि ते पाप नष्ट करण्यासाठी शिवाच्या इच्छेनेच मराठे येतात, म्हणजे कवीच्या लेखी कारण न्याय्यच आहे. मग बर्गी (मराठा घोडेस्वारांना बंगालमध्ये पडलेलं नाव) गावं जाळतात, नाक-कान कापतात, बायकांची अब्रू घेतात, ब्राह्मण, वैष्णव आणि गाई मारतात. सभासदाची यादी जणू एकेक करून उलटी केलेली. भोसल्यांचा सरदार भास्करराम बंगालमधल्या काटव्याला दुर्गापूजा मांडतो, आणि बंगालचा नवाब अलीवर्दीखान नदी ओलांडून ती पूजा अर्धवट असतानाच छापा घालतो. काव्यात दुर्गा भास्कररामावर कोपते आणि आपल्या गणांना सांगते, आता नवाबाच्या बाजूने उभे राहा.